लाभ, दोन, तीन

वैजनाथ परवा सेलूत आला, राजदूत झाल्यावर पहिल्यांदाच.
गाडी भाड्याची, नांदेडहून घेतलेली.
गल्लीतली पोरं बॉनेटवर झेंडा शोधत होती.
तो म्हणाला, झेंडा तिकडं.
आपल्या देशात मी कुणीच नाही.
मला ते आवडलं.

मोंढ्यात आमचं लायसन जुनं. मापाडी नंबर एकेचाळीस.
वडलांना आम्ही दादा म्हणायचो.
दादा ज्वारी मोजताना एक म्हणायचे नाहीत.
पहिल्या मापाला लाभ.
मग दोन, मग तीन,
आणि पुढचं माप भरेपर्यंत
तोंडात तोच आकडा घोळत ठेवायचा:
सतरा सतरा सतरा सतरा.
कुणी हाक मारो, चहा येवो,
अडत्याचं पोरगं चिमटा काढो,
सतरा म्हणजे सतरा.
आकडा सुटला तर शेतकरी बुडतो नाहीतर व्यापारी,
आणि शिव्या दोघंही मापाड्यालाच देतात.

मी थोरला, म्हणून लायसन माझ्याकडं आलं.
वैजनाथ पोत्यावर बसून नुसता बघायचा.
आठवीत होता, म्हणाला,
दादा, तुम्ही दर पोत्याला तीनदा वाकता.
दोनदात होतंय.
दादा म्हणाले,
बसलेल्याला वाकणं लवकर मोजता येतं.

पुढं त्यानं तेच केलं, जगभर, टाय लावून.
कंपन्या त्याला बोलवायच्या
माणसं किती वेळा वाकतात ते मोजायला.
शिकागो, झुरिक, जकार्ता:
आधी पत्रं यायची, मग फोन, मग नुसते पैसे.
बत्तीस देशांतल्या ऑफिसांचा तो साहेब झाला
तेव्हा पेपरातला फोटो मी अडतीवर नेला.
मिश्रीलाल काबरांनी चष्मा लावून वाचला.
म्हणजे विकतो काय?
सल्ला, मी म्हणालो.
उधारीवर?
रोखीनं.
काबरा बराच वेळ गप्प बसले.

एकदा रात्री फोन आला. बर्फ पडतोय म्हणाला.
कुठलासा कागदाचा कारखाना, अकराशे माणसं,
यानं लिहून दिलेलं, चारशे पुरतात.
मग विचारलं, कडता किती धरायचे रे आपल्याकडं?
क्विंटलला दोन किलो, मी म्हणालो,
ओल, माती, बारदाना.
मी सातशे धरला, तो म्हणाला.
त्यानंतर लाईन चालूच राहिली, त्याच्या पैशानं,
आणि आम्ही कुणीच बोललो नाही.

त्यानं नोकरी का सोडली ते मला माहीत नाही.
सरकारनं त्याला एका लहान देशात पाठवलं,
नाव मला अजून धड म्हणता येत नाही.
आपलं एक जहाज आणि त्यांचा बंदरखात्याचा मंत्री
यांचं काहीतरी भिजत पडलेलं.
पगार विचारला तर हसला,
कडता लई गेला.

पण तिथं करतोस काय?
बसतो, म्हणाला.
आधी तासाभरात चाळीस तक्ते दाखवून
लोकांना रस्ता सांगायचो.
आता अकरा महिने एकाच टेबलाशी
एकच वाक्य बोलतोय.
ते ओरडतात, उठून जातात, कॉफी घेऊन परत येतात.
मी म्हणतो, आमची भूमिका तीच आहे.
आमची भूमिका तीच आहे.
आमची भूमिका

सतरा सतरा, मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं.
चष्मा काढला, पुसला, परत घालायचा विसरला.
आणि अठरा?
अठरा झाला की, मागच्या महिन्यात.
चौदा खलाशी घरी गेले.
फोटो दुसऱ्याचा आला पेपरात.

संध्याकाळी मोंढ्यात गेलो.
आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, लाल आकडे,
मी बटण दाबतो, पावती निघते.
दादांची पायली मी कबुतरांच्या दाण्यासाठी ठेवलीय.
त्यानं ती मागितली.
पँट गुडघ्यावर ओढून ज्वारीच्या ढिगाशी बसला,
भरली, हातानं सपाट केली, म्हणाला, एक.
हमाल हसले.
त्यानं पायली तशीच ढिगात ओतली,
परत भरली.
लाभ.
किती वेळा वाकला ते मी मोजलं नाही.
ड्रायव्हर दोनदा येऊन गेला, सर, विमान.
तो मान वर करेना, उत्तर देईना,
ओठ तेवढे हलत होते,
नऊ नऊ नऊ नऊ